हक्कसोडाची साडी
आमच्या सोनईची पुष्पावती नगरच्या कॉलेजात कायदा शिकवते. बापाच्या जमिनीत कुठल्या देशात मुलीला किती वाटा मिळतो, यावर तिची पीएचडी. वडील गेल्यावर तिनं भावाला, अमृतला सांगितलं, "फ्रान्समध्ये मुलीला असं डावलता येत नाही."

अमृत म्हणाला, "मग फ्रान्सलाच माहेर शोध. हितं यायचं असंल तर हक्कसोड लिहून दे."

माहेर तुटेल म्हणून एवढ्या शिकलेल्या बाईनं मुकाट सही केली. आईनं साडीचोळी केली. साडीवर लेकीची बोळवण करायची, ही आमची मेली रीत!

सोमवारी वर्गात एका मुलीनं विचारलं, "मॅडम, आपल्याकडं मुलीला किती वाटा?"

तीच साडी नेसून आलेली पुष्पावती म्हणाली, "भावाइतकाच."