कुशाबाईचा कुंभारकावळा

कुशाबाईला शकुनाशिवाय घराबाहेर काढील, असा माणूस शेळगावात अजून जन्मायचा होता. महत्त्वाच्या कामाला निघायचं तर आधी कुंभारकावळा दिसलाच पाहिजे. शहरातली माणसं त्याला भारद्वाज म्हणतात. अंग काळं, पंख विटकरी, आणि चाल अशी की सगळं शिवार त्याच्याच नावावर आहे. रणजितच्या, म्हणजे तिच्या लेकाच्या, लग्नाला वऱ्हाडाचा टेम्पो तिनं ओढ्याच्या पुलावर उभा केला होता. नवरदेव आत घामाघूम आणि ही बाई बांधावर उभी. पक्षी उसातनं निघाला तेव्हाच टेम्पोनं गिअर टाकला.

पुढं दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू धरला. भाकरी तव्याबाहेर पडायला लागली, म्हशीचं रेडकू समजून तिनं सिमेंटच्या पोत्यावर हात फिरवला. बारामतीच्या डॉक्टरनं ऑपरेशनची तारीख दिली. त्या सकाळी कुशाबाई लुगडं नेसून तयार, पण कट्ट्यावरून हलंना.

"पक्षी दिसला न्हाय," म्हणाली.

"अगं, दिसत न्हाय म्हणूनच डॉक्टरकडं चाललोय की!" नवरा हिंदुराव कपाळावर हात मारून म्हणाला.

"मग आधी पक्षी दावा."

तारीख गेली. दुसरी मिळाली, तीही तशीच गेली.

रणजित बारामती एमआयडीसीत दूध प्लांटवर इलेक्ट्रिशियन. त्यानं डोकं लढवलं. घरात पडलेला जुना मोबाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घरामागच्या परड्यातल्या पेरूच्या झाडाला बांधला. त्यात आवाजावरून पाखरू ओळखणारं ॲप टाकलं. झाडावरच्या फोननं कुंभारकावळा ऐकला की आईच्या फोनला निरोप. आईला वाचता येईना, म्हणून निरोपाची रिंगटोन त्याच पक्ष्याच्या आवाजाची ठेवली: कूप, कूप, कूप.

"शकुन ऐकायचा नसतो, बघायचा असतो," कुशाबाईनं ठणकावलं.

"ऐकू आला की कुठं बसलाय ते आमी हुडकतो. तुमी फकस्त बघा, आत्या," सून श्रेया म्हणाली.

तिसऱ्या तारखेला सगळे तयार. कुशाबाई फोन मांडीवर घेऊन पेरूखालच्या कट्ट्यावर बसली. उसाकडनं बारीकसं कूप कूप झालं. लगोलग मांडीवरचा फोन वाजला.

"आला! वर बघा वर!" हिंदुराव धोतर सावरत झाडाखाली आला. झाडावर कुणी नाही. तेवढ्यात परत कूप कूप. श्रेया गोठ्यामागं पळाली. परत कूप कूप. रणजित भिंतीवर चढला. तिथं मांजर होतं, तेही घाबरून उतरलं. फोन काही थांबंना.

"शेळगावातले सगळे कुंभारकावळे आपल्याच परड्यात लपल्यात व्हय रं?" हिंदुराव धापा टाकत म्हणाला.

श्रेयानं एकदा झाडावरच्या पिशवीकडं बघितलं, एकदा सासूच्या मांडीकडं, आणि मटकन खालीच बसली.

"अवो, पाखरू कुठलं! मांडीवरचा फोन वरडतोय, ते झाडावरचा ऐकतोय, आन परत ह्यालाच सांगतोय!"

"हे तुझं डोकं व्हय?" हिंदुराव लेकाला म्हणाला. "दोन मोबाईल एकमेकांना शकुन दावाय लागलं!"

कुशाबाई पदरात तोंड घालून हसली. हसता हसता म्हणाली, "चला, गेली तारीख." तिच्या आवाजात जरा जास्तच तरतरी आली होती. हिंदुरावानं ती बरोबर ओळखली.

"खरं सांग. डोळ्यात सुरी घालत्यात म्हणून भेलीयस. पाखराचं निमित्त करतीयस."

कुशाबाई नखानं कट्ट्याचं सिमेंट खरवडत राहिली.

आणि त्याच वेळी भिंतीमागनं खराखुरा, छाती फुगवून दिलेला आवाज आला. फोनचा गलका ऐकून उसातल्या कुंभारकावळ्याला वाटलं, दुसरा गडी आपल्या हद्दीत घुसला. तो भिंतीवरनं उडी मारून खाली आला, परडं तुडवत सरळ कट्ट्यापर्यंत आला आणि कुशाबाईच्या पायाजवळ उभा राहून तिच्या मांडीवरच्या फोनला धमकी द्यायला लागला. सगळे जागच्या जागी थिजले.

कुशाबाई पुढं वाकली. धुरकट का होईना, विटकरी पंख एवढ्या जवळ होते की नाही कसं म्हणणार? नाही म्हटलं असतं, तर कुणाला कळणार होतं? नजर तिची तिलाच ठाऊक. पण शकुनाच्या बाबतीत खोटं बोलणं तिच्या रक्तात नव्हतं.

"दिसला का?" हिंदुरावानं हळूच विचारलं.

"दिसला मेला," ती म्हणाली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. "आता बघत काय बसलाय? गाडी काढा, माझं मन फिरायच्या आत."

ऑपरेशन नीट झालं. जाताना वाटंत पोराचा हात मात्र तिनं असा दाबला होता की घड्याळाचा पट्टा मनगटात रुतला.

पट्टी निघाल्यावर आठवड्यानं ती काळा चष्मा लावून अंगणात बसली होती. कुंभारकावळा भिंतीवर आला. तिनं चष्मा कपाळावर चढवला, बराच वेळ निरखून बघितलं आणि सुनेला हाक मारली.

"श्रेये, हिकडं ये. ह्याचं डोळं बघ की गं, लालभडक! जन्मभर पाया पडले, पर डोळं आजच दिसलं."

"ते तसलंच असत्यात, आत्या."

"तसलं कसं? ह्याला बी बारामतीला न्या," कुशाबाई म्हणाली. "आन निघताना म्हणावं, माझं तोंड बघून जा."