कणकण कुठनं आली?

अक्कांना ‘बरं वाटत नाही’ हे वाक्य चालत नसे. पेशंटनं ते उच्चारलं, की त्या हात मागं बांधून दवाखान्यात येरझाऱ्या घालू लागत. “म्हंजे काय हुतंय? तुमच्या शब्दात सांगा की!” कुरुंदवाडच्या जैन घरातल्या या डॉक्टरीणबाई आमच्या सगळ्या पेठेच्या अक्का होत्या.

मी कॉलेजात मराठी शिकवायचो, म्हणून माझ्यामागं त्यांचा वेगळाच तगादा. तास चालू असतानासुद्धा फोन यायचा. “सर, जो येतोय तो म्हणतोय कणकण हाय. ही कणकण आली कुठनं?”

मी शब्दकोश बघून सांगितलं, “बारीक ताप.”

“अर्थ मला ठाऊक हाय. कुठनं आली ते सांगा.”

ते काही कोशात नव्हतं. उत्तर अक्कांना मिळालं ते दवाखान्यात आलेल्या राधानगरीकडच्या एका म्हातारीकडून. ती म्हणाली होती, “चुलीवर कण्या ठेवल्या की उकळी फुटायच्या आदी भांडं बारीक वाजतंय बघा. तसं अंग वाजतंय.” हे सांगायला अक्का तडक माझ्या घरी आल्या. मी म्हटलं, “याला पुरावा नाही.” त्या उखडल्या. “पुरावा तुम्ही हुडका. मला एवढं कळलं, उकळी अजून यायची हाय.”

त्याच पावसाळ्यात मी त्यांच्याकडं गेलो. “नुसती कणकण आहे, गोळी द्या. पेपर तपासायचेत.” त्यांनी आधी रक्त तपासायला पाठवलं आणि संध्याकाळपर्यंत लॅबला तीनदा फोन केला. डेंग्यू निघाला. मी इस्पितळात होतो तेवढे दिवस त्या रोज यायच्या आणि प्रश्न विचारून नर्सना भंडावून सोडायच्या.

पुढं त्यांना कमी ऐकू येऊ लागलं. कानाला यंत्र लावलं, तरी एका बाईचं ‘धडधड’ त्यांना ‘गडबड’ ऐकू आलं. त्या पोटाचं औषध लिहायला लागल्या. “तिचा हात छातीवर गेला म्हणून समजलं, सर. उद्या न्हाय समजलं तर?” त्या महिन्यात त्यांनी दवाखाना बंद केला.

त्यांचा भाऊ गाडी घेऊन त्यांना कुरुंदवाडला न्यायला आला, तेव्हा मी निरोपाला गेलो होतो. सामान चढलं, अक्का गाडीत बसल्या, आणि एक अनोळखी म्हातारी पायरीशी आली. “मावशी, दवाखाना बंद झालाय,” मी म्हणालो. तिनं माझ्याकडं लक्षच दिलं नाही. गाडीच्या खिडकीशी जाऊन ती बोलायला लागली. भावानं हॉर्न वाजवला.

अक्का दार उघडून खाली उतरल्या. हॉर्ननं कानात किरकिरणारं यंत्र काढून मुठीत धरलं, वाकून कान म्हातारीच्या तोंडाजवळ नेला.

“हं, परत सांगा,” त्या म्हणाल्या. “सावकाश.”