एका डब्यात दोन चुली

आमच्या घरात कॉम्प्युटर एकच आणि त्याच्यावर हक्क सांगणारे दोघं. एक मी, दुसरे नाना. नाना म्हणजे माझे वडील. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले विणकर, घरात तेलुगू, दाराबाहेर पाऊल टाकलं की मराठी. वडिलांना नाना म्हणायचं हे तेलुगूतलंच. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, त्यामुळं भांडण लागलं तर सोडवायलाही कुणी नाही.

नाना चादरींचे आणि टॉवेलांचे नक्षे काढतात. पूर्वी चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवायचे. मग कधीतरी कॉम्प्युटरवर शिकले, आणि जे शिकले ते घट्ट धरून बसले. त्यांचं ते नक्ष्याचं सॉफ्टवेअर फक्त जुन्या विंडोजवर चालतं. ते बनवणाऱ्यांनी आपलं दुकान केव्हाच गुंडाळलं. विंडोज बदलली की ते उघडतच नाही, हे एका ओळखीच्या कारखानदाराकडं झालेलं नानांनी स्वतः बघितलंय. तेव्हापासून आमच्या कॉम्प्युटरला कुणी हात लावला की हे खुर्चीतून अर्धे उठतात.

आणि मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, तासिका तत्त्वावर. म्हणजे नोकरी आहे असं सांगता येतं, असेलच असं नाही. मुलांचे मार्क ज्या साइटवर भरायचे ती साइट जुन्या विंडोजला दारातही उभं करत नाही. नवी विंडोज आमच्या म्हाताऱ्या मशीनला झेपत नाही. विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स झेपते, आणि वर्गात मी शिकवते तीच. पण ती टाकायची म्हणजे नानांची जागा जाणार, असं नानांच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

खरं सांगते, भीती मलाही होती. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना कॉम्प्युटर बंद होता, तेव्हाचे नाना मी बघितलेत. जेवायचे नाहीत, बोलायचे नाहीत, भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. शेवटी मलाच वाटायला लागलं, हे काही आता उठत नाहीत. नक्षा बंद म्हणजे नाना बंद. ते मला परत बघायचं नव्हतं.

म्हणून ठरवलं, दोन डिस्क करू. त्यांची जुनी आहे तशी राहू दे, शेजारी नवी बसवू आणि तिच्यात लिनक्स. उन्हाळ्यातला रविवार, दुपार अशी की पंखा वारा नाही, वाफ फेकत होता. मी कॉम्प्युटरचा डबा उघडला. आत कापसाची धूळ इतकी की एखादी उशी भरावी. नाना माझ्या डोक्यावर उभे.

"नाना, तुमच्या डिस्कला मी हात लावत नाही. तिची वायरच काढून ठेवते, मग तिला काही होणार नाही. झालं की परत जोडते. चालू केलं की मशीनच विचारंल, कुठलं पाहिजे."

"म्हणजे वेगळी चूल मांडायलीस."

"चूल वेगळी, घर एकच की."

"वेगळं निघताना सगळे असंच म्हणत्यात," नाना म्हणाले, आणि मी काढलेली वायर उचलून मुठीत धरून बसले. काम संपेपर्यंत ती वायर त्यांनी खाली ठेवली नाही.

काम तरी कुठं सरळ संपतंय! पेनड्राइव्ह आधी मशीनला दिसेना. दिसला तर अर्ध्यात अडकला. परत पहिल्यापासून. वर्गात हेच मी पोरांना असं शिकवते की जसं काही दूध तापवायचंय. घरी स्वतःवर वेळ आली तेव्हा जीव मेटाकुटीला आला. घाम डोळ्यात जात होता आणि नाना अधूनमधून विचारत होते, "माझं हाय ना?" तेवढं एकच विचारायचं होतं त्यांना. संध्याकाळी एकदाची वायर जोडली, मशीन चालू केलं. काळ्या पडद्यावर दोन ओळी आल्या. वरती माझी लिनक्स, खाली त्यांची विंडोज. थोडे सेकंद थांबून बघायचं, कुणी काही दाबलं नाही तर वरचं उघडायचं. नानांनी खालचा बाण दाबला, एंटर मारला, आपला नक्षा डोळ्यांनी बघितला आणि मगच पाणी प्यायले.

पुढं सवय होईपर्यंत डोक्याला ताप झालाच. अक्षरं बारीक, सेकंद थोडे, नानांचा चष्मा कुठं तरी उशीखाली. चष्मा सापडेपर्यंत माझं उघडलेलं असायचं. मग भर तासाला मला फोन, "अगं, हे तुझं आलंय, घालव की." साठ पोरांपुढं मी फोनवर सांगतेय, बंद करून परत चालू करा, खाली बाण, खाली. पोरं खुसखुसायची. पण हळूहळू जमलं त्यांना. मीही म्हटलं, चला, सुटलो.

कुठलं सुटतोय! आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी बाकी सगळं मागं पडतं. त्या दिवशी सकाळी पाणी आलं आणि नेमका मार्क भरायचा शेवटचा दिवस. मी आदल्या रात्रीपासून थकलेली. लिनक्स अपडेट मागत होती म्हणून ते लावलं, मोटर चालू केली आणि गच्चीवर टाकीपाशी गेले. थोड्या वेळानं मोटर बंद. म्हटलं, गेली लाइट. आपल्याकडं लाइट जाण्याचं कुणी मनावर घेतं का? मी बादल्या सारत बसले. मग लक्षात आलं, शेजारच्या शेडमधले माग खडखड चालूच आहेत.

बाहेरच्या जिन्यानं खाली आले तर दाराला बाहेरून कडी आणि आत मेन स्विच पडलेला. नाना सात रस्ता चौकात डोळ्याचे थेंब आणायला गेले होते. माग चालवलेल्या माणसाची ही सवय. शेड सोडताना मेन पाडायचा म्हणजे पाडायचाच. सगळीकडं कापसाची धूळ, एक ठिणगी पुरते. आमची मागांची शेड जाऊन जमाना झाला, पण नानांचा हात घरातून निघताना अजून मेनकडं जातो. मी गच्चीवर आहे, मोटर चालू आहे, मशीनमध्ये अपडेट चाललंय, हे त्या हाताला कोण सांगणार!

मेन वर केला. दोन ओळी आल्या, पण वरची निवडली की काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळींचा नुसता पूर. अपडेट अर्ध्यात तुटलेलं, लिनक्स उठायलाच तयार नाही. कपाळाला हात लावून बसले. तेवढ्यात नाना आले. त्यांनी शांतपणे बाण खाली दाबला, त्यांची विंडोज लख्ख उघडली आणि म्हणाले, "माझं चालू हाय की."

मग मात्र माझं डोकं फिरलं. "तुमचं चालूच राहणार, नाना! तुमचं कधी बंद पडलंय? आज मार्क गेले नाहीत तर पुढच्या वर्षी मला कोण बोलावणार कॉलेजात? कशावर चालणार हे घर? शेड सगळी दादाला दिलीत. त्यानं माग भंगारात घातले, जागा विकली आणि पुण्याला जाऊन बसला. तुमच्या शेडमधलं माझ्या वाट्याला काय आलं, तर हे मेन पाडणं!"

नानांनी थेंबाची बाटली खिशातून काढून टेबलावर ठेवली आणि आत गेले. मी कॉलेजात पळाले, तिथल्या मशीनवर हातापाया पडून जागा मिळवली, मार्क भरले. दोन दिवसांनी लिनक्सही दुरुस्त केली. माझं काम झालं, पण नाना कॉम्प्युटरकडं फिरकेनात.

घरी आले की ते दारातल्या बाजेवर बसलेले. "चालू नाही केलं?" "डोळे चुरचुरत्यात." दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. जेवण अर्धं ताटात. मग एका कारखानदाराचा फोन आला, टॉवेलाच्या किनारीचा नक्षा विचारायला. मी स्वयंपाकघरात होते. नाना म्हणाले, "आता माझ्याच्यानं होत न्हाय, दुसरीकडं बघा." अगं बाई! इतकी वर्षं हा माणूस तापातसुद्धा नक्षे काढायचा, आणि आता म्हणे होत नाही.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "का खोटं बोललात?"

"तुझं काम मोडंल. त्या दोन ओळीत माझा हात कुटं पडंल सांगता येत न्हाय."

मी त्याच वेळी खुर्ची ओढून बसले. डिस्क वेगळ्या होत्या म्हणून हे सोपं होतं. मशीनला सांगितलं, चालू झालं की कुणाला काही विचारायचं नाही, सरळ जुन्या डिस्कवर जायचं. मला माझं लागलं तर चालू करताना मीच एक बटण दाबून नव्या डिस्कवर जाईन. रोजची कटकट माझ्या गळ्यात, पण त्याची काय मला सवय नव्हती?

"घ्या, आता चालू करा."

नानांनी बटण दाबलं. ओळी आल्याच नाहीत. सरळ त्यांची विंडोज उघडली, त्यांच्या नक्ष्यांसकट.

"तुझं कुटं गेलं?"

"आहे की आत. तुम्हाला दिसणार नाही एवढंच. तुम्हाला काही दाबायला नको."

नानांनी माउसवरचा हात काढून घेतला. मग म्हणाले, "न्हाय. पयल्यासारखं कर."

मला रडूच यायचं बाकी होतं. "आता काय झालं? तुमच्या सोयीसाठी तर केलं!"

"माझी सोय बघूनच झालं सगळं आजपर्यंत." ते माझ्याकडं बघत नव्हते. "शेड त्याच्या नावावर केली, तवा तू हितंच होतीस. सगळ्यांना चहा दिलास. तुला मी विचारलं न्हाय. हे मशीन विचारतंय रोज, कुणाचं चालू करू म्हणून. विचारू दे की."

'तुला मी विचारलं नाही' हे वाक्य त्यांच्या तोंडून यावं म्हणून मी किती वाट बघितली होती! आलं तेव्हा आनंद वगैरे काही झाला नाही. नुसतं रडू आलं. तसंच नाक ओढत मी सगळं पहिल्यासारखं केलं आणि मशीन परत चालू केलं.

दोन ओळी आल्या. नाना चष्मा लावून खुर्चीत बसले, पुढं वाकले. मला वाटलं, आता बाण दाबतील. त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि सेकंद संपू दिले. माझी लिनक्स उघडली तेव्हा ते खुर्चीतून उठले, खुर्ची माझ्याकडं सरकवली आणि म्हणाले, "बस. आज तुझं आधी."