कणगीच्या खोलीतला सर्व्हर

नात कणगीच्या खोलीत शिरली आणि त्या दारातून धुराशिवाय काही बाहेर येईना. मी हाक मारली. पुन्हा मारली. आतून खोकल्याचा आवाज आला, मग काहीतरी जड ओढल्याचा, मग तोही थांबला. माझा एक हात दाराच्या चौकटीवर होता, दुसऱ्या हातात पाण्याची कळशी. घरात आम्ही दोघीच. मुलगा आणि सून खाली शेतावर राब भाजत होते. तिथवर माझी हाक पोचणार नव्हती.

"सोड ते मशीन! आधी बाहेर ये!"

"आले, आजी. वायर निघत नाय."

"मरू दे वायर!"

"पाणी टाकू नको गं, करंट लागंल!"

एवढं बोलली आणि गप्प झाली.

ते मशीन काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर पोरगी त्याच्यासाठी धुरात का गेली ते कळायचं नाही. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. मला जेवढं समजलं तेवढंच सांगते.

नात कर्जतला कॉलेजात जाते. ती आणि तिच्या मैत्रिणी मिळून एक खेळ खेळत. ठोकळे रचून घरं, रस्ते, डोंगर बांधायचे. तयार खेळ त्यांना पुरेना. त्यात त्यांनी बाहेरच्या लोकांनी बनवलेली जादा सामानं घातली. त्याला त्या मॉड म्हणायच्या. त्या मॉडमुळे त्यांच्या खेळात इंजिनं आली, रूळ आले, सिग्नल आले. मग त्यांनी आमचा घाटच बांधायला घेतला. कर्जतला गाडीला मागून ढकलायला जास्तीची इंजिनं लावतात, मग गाडी पळसदरीवरून घाटात चढते, हे आमच्या घरातून रोज ऐकू येतं. तसंच सगळं त्यांनी त्या खेळात केलं. बोगदेसुद्धा. दोन वर्षं लागली. पळसदरीचं धरणही बांधलं होतं, पण त्यात पाणी जरा जास्तच निळं होतं. मी तसं बोलले तर नात रुसली.

हा सगळा घाट जिथे साठवलेला असतो आणि जिथून सगळ्यांना आपापल्या घरी बसून खेळता येतो, ते मशीन म्हणजे सर्व्हर. ते बंद पडलं की सगळ्यांचा खेळ बंद. ते बिघडलं की घाट गेला. म्हणून ते कुठे ठेवायचं यावर त्यांची भांडणं चालू होती. एक तर कुठल्यातरी कंपनीकडे भाड्यानं जागा घ्यायची, नाहीतर घरच्या कॉम्प्युटरवर चालवायचं.

भाड्याच्या बाजूची होती शेलू गावातली मैत्रीण. ती तिथल्या नव्या बिल्डिंगीत राहते. फोनवर दोघींची जुंपायची. फोन स्पीकरवर असायचा, कारण नात तेव्हा माझ्याबरोबर तांदूळ निवडत असायची.

"काल परत लाईट गेली ना तुमची?" शेलूवाली म्हणाली. "मी गाडीत बसलेली. बोगद्यातच लटकले."

"जरा वेळच गेली गं."

"तुझा सर्व्हर म्हणजे तुझ्या आजीची म्हस. मनात असंल तेव्हाच दूध देणार."

"आणि तुझा भाड्याचा? फुकट दिला होता ना बघायला? चढली का त्याच्यावर गाडी? अर्ध्या घाटात जीव गेला तिचा."

"माझ्या म्हशीला मधे घेऊ नका," मी म्हटलं.

"आजी, तुमीच सांगा," शेलूवाली म्हणाली. "भाड्यानं घ्यायचा का घरी ठेवायचा?"

मी विचारलं, कंपनीचा मालक कोण. माहीत नाही. मशीन कुठे असतं. बाहेरदेशी कुठंतरी. भाडं चुकलं तर काय करतात. थोडे दिवस बघतात, मग पुसून टाकतात.

"तोंड बघितलं नाय अशा माणसाकडं दोन वर्षांचं काम ठेवायचं?" मी म्हटलं.

नात खूश झाली. मग मी पुढे बोलले, "पण माझ्या घरात ते दिवसरात्र चालू नको. पेटलं तर विझवायला कोण येणार? तू, शेलूवरनं?"

दोघी हसल्या. मला हसू आलं नव्हतं.

माझी भीती साधी होती. ते मशीन कणगीच्या खोलीत होतं. ती घरातली सगळ्यात गार खोली. शेणानं सारवलेली जमीन, जाड भिंत, खिडकी नाही. मशीनला गारवा लागतो म्हणून नातीनं ती निवडली. पण तिथे कणगीत वर्षाचं भात आणि कोपऱ्यात म्हशीचा पेंढा. त्यांच्या शेजारी ते खोकं घरघर करत असायचं, त्याची वायर जुन्या एक्स्टेन्शन बोर्डातून आलेली. येता-जाता मी त्या भिंतीला हात लावून बघायची. बाजाराला गेले तरी परत येताना वळणावरून आधी आमचं छप्पर बघायची. सून म्हणायची, आईंना वेड लागलंय.

नातीची भीती वेगळी. लाईट गेली की ती ताटावरून उठायची. नीट बंद झालं नाही तर घाट अर्धवट साठवला जातो आणि परत उघडत नाही, असं ती म्हणायची. कॉलेजातून फोन करायची, "आजी, लाईट हाय का?" मी हो म्हटलं तरी विचारायची, "पंखा फिरतोय का बघून सांग." एकाच मशीनची धास्ती दोघींना. तिला ते बंद पडण्याची, मला ते चालू राहण्याची.

शेवटी शेलूवालीनं दुसरी एक कंपनी शोधली. ती म्हणाली, आधी घाटाची एक पूर्ण प्रत तिथे चढवून ठेव, मग घरचं ठेव नाहीतर विहिरीत टाक. नातीला पटलं. प्रत दुसरीकडे कुठेच नव्हती, हे तेव्हा मला कळलं. सगळं त्या एका खोक्यात. आमच्याकडे नेटला जोर नाही, म्हणून रविवारी सकाळपासून प्रत चढवायला लावायची असं ठरलं.

त्याच रविवारी आमचा राब होता.

पावसाच्या आधी भाताची रोपं जिथे टाकायची, त्या जमिनीवर शेण, पाला, डहाळ्या पसरून भाजतात, तो राब. वारा सुटायच्या आत, सकाळीच पेटवतात. सगळ्या गावाचे राब त्याच दिवसांत. राख उडत घरात येते. म्हणून राब असला की घरातलं सगळं झाकायचं. हंडे झाकायचे, लोणच्याची बरणी, टीव्ही, शिवणयंत्र, सगळं. हे आमच्याकडे पोरांना सांगावं लागत नाही, हात आपोआप जातो. नातीचाही गेला. प्रत चढायला लावली, माझं जुनं लुगडं चौपदरी केलं, चालू मशीनवर बोर्डासकट घातलं, आणि राख जाईल म्हणून दारही ओढून घेतलं. मशीनला हवा लागते हे त्या घरात फक्त तिलाच माहीत होतं. आणि झाकलंही तिनंच.

धुराचा वास मला आला होता. तिलाही आला असणार. पण त्या दिवशी गावात धुराशिवाय दुसरा वासच नव्हता. मी भाकरी थापत होते. ती पडवीत फोन घेऊन बसली होती, प्रत कुठवर चढली ते बघत. ती एकदम म्हणाली, "थांबलं." मला वाटलं, नेट गेलं. ती बघायला गेली, कणगीच्या खोलीचं दार उघडलं आणि आत शिरली.

तेव्हा मी ती कळशी हातात घेऊन उभी होते. ती गप्प झाल्यावर मी कळशी ठेवली. पडवीत मेनस्विच उंचावर आहे, माझा हात पोचत नाही. म्हशीची काठी घेऊन तो पाडला. गोणपाट भिजवलं, डोक्यावर घेतलं आणि आत गेले. काही दिसत नव्हतं. पायानं चाचपडत गेले. ती खाली बसलेली पायाला लागली. तिची वेणी हाताला आली, तीच धरली आणि ओढली. तिनं मशीन सोडलं नाही. तिला ओढलं तसं मशीनही आलं, लुगड्याचा जळका तुकडा चिकटलेला. अंगणात आल्यावर मी तिच्या पाठीत दोन धपाटे घातले. ती खोकत होती, म्हणून तिसरा घातला नाही.

जाळ झाला नव्हता. बोर्ड वितळला होता, लुगडं धुमसत होतं आणि पेंढ्याची कड नुकती काळी पडायला लागली होती. शेजारच्या बायांनी पाणी टाकलं. सुनेला शेतावरून आमच्या घरावर धूर दिसला होता. तिला वाटलं, कुणाच्यातरी राबाचा.

नातीच्या उजव्या तळहाताची कातडी गेली होती. कर्जतच्या दवाखान्यात पट्टी बांधताना ती डॉक्टरला हाताचं काही विचारेना. बापाला म्हणाली, मशीन दुकानात द्या. दुकानदार म्हणाला, आतली डिस्क चालते का ते उद्या सांगतो. उद्याचा परवा झाला. ती जेवली नाही. शेलूवाली घरी आली, दोघी फोनकडे बघत बसल्या. मला त्या डिस्कचं काही वाटत नव्हतं, पण फोन वाजला की मीही हातातलं काम टाकून पुढे यायची.

डिस्क चालली. घाट सापडला. त्या संध्याकाळी शेलूवाली म्हणाली, "आता कुठं ठेवायचा ते बोल."

नात म्हणाली, "भाड्यानं."

आता तो कुठल्यातरी देशात आहे. भाडं सगळ्या मैत्रिणी मिळून भरतात. त्या मशीनला जड मॉड झेपत नाहीत, म्हणून गाडी कर्जतला उभी असते, मागची इंजिनं लावलेली. घाटात जात नाही. नात अधूनमधून तिच्यात जाऊन बसते. घरात आता रात्री घरघर नसते. त्या वर्षीच्या भाताला धुराचा वास होता, तरी तोच भात आम्ही खाल्ला.

त्या दिवशी घरात नात होती आणि मी होते. दोघी जिवंत आहोत.