आत्याने घेतलेला श्वास

माझ्या आजोबांचा शेवटचा श्वास माझ्या आत्याने घेतला. नियास बेटावरच्या आमच्या हिलिम्बुआ गावात त्याआधी असं कोणी ऐकलं नव्हतं. गावप्रमुख मरायला टेकला की त्याच्या मुलाने त्याच्या तोंडाला तोंड लावायचं आणि तो शेवटचा श्वास आत ओढून घ्यायचा. त्याच श्वासाबरोबर बापाचं शहाणपण, त्याचा शब्द, त्याचा अधिकार मुलाकडे यायचा. मुलाकडे, मुलीकडे नव्हे.

आत्याचं नाव बुरुती. दोन डोंगर पलीकडच्या गावात तिला दिली होती. दिसायला साधी, बोलायला फटकळ. डुकरांना घातलेले उकडलेले रताळ्याचे वेल जरी कमी पडले तरी सासूला ऐकवायची. माझे वडील, फोनाहा, तिच्याहून चार वर्षांनी धाकटे आणि घरातला एकुलता एक मुलगा.

वडिलांना खाली दरीतल्या पाद्रीच्या शाळेत आजोबांनी स्वतःच पाठवलं होतं. डच साहेबाने रस्ता काढायला घेतला, तेव्हा दर घरातून माणूस मागणारे कागद गावात येऊ लागले. ते कोणालाच वाचता येईनात. "आपल्याच पोराला अक्षर येऊ दे," आजोबा म्हणाले, "म्हणजे कागदात काय आहे ते तरी कळेल." पोराला अक्षर आलं. त्याबरोबर येशूही आला. दोन वर्षांनी वडील फिलेमोन होऊन परतले. आजोबांनी नवं नाव एकदा ऐकून घेतलं आणि ते कधी उच्चारलं नाही.

आजोबा आजारी पडले त्या वर्षी पाऊस थांबतच नव्हता. निरोप दोघांनाही गेला. आत्या आधी पोचली, पाठीला तान्ही मुलगी बांधून. वडील आता दरीतच राहायचे, ते तिसऱ्या दिवशी आले. घराच्या मोठ्या दालनात, भिंतीला ओळीने बांधलेल्या पूर्वजांच्या लाकडी मूर्तींसमोर, आजोबांना निजवलं होतं. म्हातारा पुजारी ढोल वाजवत होता. ढोल थांबला तेव्हा सगळ्यांनी वडिलांकडे पाहिलं.

"फोनाहा, पुढे हो," पुजारी म्हणाला.

वडिलांनी आजोबांचा हात धरला. "बाबा, मी तुमच्यासाठी प्रार्थना करीन. पण हे मला करता यायचं नाही. मी आता येशूचा आहे."

आजोबांचे डोळे उघडे होते.  

आजोबांचे धाकटे भाऊ, लाहोमी, गुडघ्यांवर पुढे सरकले. रस्त्याच्या कामाला माणसं पुरवून साहेबाची मर्जी त्यांनीच मिळवली होती. "पोरगा नको म्हणतोय ना? मग मी आहे."

"काका, मागे व्हा," आत्या म्हणाली.

"तू कोण मला सांगणारी? दुसऱ्याच्या घरची बाई तू."

"दुसऱ्याच्या घरची असेन, पण गावची पोरं रस्त्यावर दगड उचलायला मी नाही धाडली, तुम्ही धाडलीत. आणि हा माझा बाप आहे."

तिने लेकीला पाठीवरून सोडून पुजाऱ्याच्या बायकोच्या मांडीवर दिलं. वाकली. आजोबांच्या ओठांवर ओठ ठेवून तशीच राहिली. खूप वेळ. कोणी हललं नाही. ती उठली तेव्हा आजोबा गेले होते, आणि तिने तोंड घट्ट मिटून घेतलं होतं.

लाहोमी आजोबा ओरडू लागले, की हे बुडवणारं काम आहे, बाईच्या अंगात प्रमुखाचा श्वास टिकायचा नाही. पुजारी शांतपणे ढोलाची वादी सोडत होता. "श्वासाला बाई-पुरुष कळत नाही," तो म्हणाला. "आत गेला, तो गेला. आता तुम्ही ओरडून तो बाहेर काढणार आहात का?"

साहेबाने अर्थातच लाहोमींना प्रमुख केलं. त्यांना टोपी मिळाली, पितळी बिल्ला मिळाला. पण शेताच्या बांधावरून, पळून गेलेल्या बायकांवरून भांडणं झाली, की लोक दोन डोंगर चालून आत्याकडे जात. ती ओट्यावर बसून सुपारी कातरत ऐकायची आणि निम्म्या वेळा दोन्ही बाजूंना शिव्या घालून परत पाठवायची. श्वास घेतला त्या दिवसापासून तिने चूल कधी फुंकली नाही, पानाने वारा घालायची. नवरा तिच्याशी जरा जपूनच बोलायचा. ती एकदा माझ्या आईला म्हणाली, "मला वाटलं होतं, अंगात ताकद येईल. तसं काही नाही. फक्त खोटं बोलायचं म्हटलं की घशात अडकतं."

मग चार वर्षांनी बेटभर पश्चात्तापाची लाट आली. माणसं रडत रडत दरीतल्या चर्चकडे धावू लागली. कोणी चोरी कबूल केली, कोणी विष घातल्याचं. घराघरांतल्या पूर्वजांच्या मूर्ती आणून चर्चच्या अंगणात ढीग घातला. वडील तेव्हा त्याच शाळेत मास्तर होते. कबुली द्यायला आलेल्यांची नावं ते यादीतून पुकारत. एके सकाळी आत्या आली, आपणहून.

तिने सांगितलं, शेजारणीची रताळी खणून नेली, सासूला शाप दिले, एका भांडणाचा निवाडा करताना दिराची बाजू घेतली. पाद्रींनी सगळं ऐकून विचारलं, "आणि तुझ्या बापाचा श्वास?"

"ते पाप नाही," आत्या म्हणाली.

"ती मूर्तिपूजकांची रीत आहे, बाई."

"असेल. बाप मरत होता आणि कोणी त्याच्या तोंडाजवळ जात नव्हतं. मी गेले. यात माफी कशाची मागू?"

पाद्रींनी नकारार्थी मान हलवली. तेवढ्यात माझ्या वडिलांच्या हातातली यादी खाली पडली. ते सगळ्या गर्दीदेखत गुडघ्यांवर बसले.

"मला सांगायचंय," ते म्हणाले. "मी तेव्हा येशूचं नाव घेतलं. ते खोटं होतं. मला भीती वाटली. बाबांच्या तोंडाला वास येत होता, ओठ काळे पडले होते, आणि मला किळस आली. ताई, मला किळस आली गं."

आत्या त्यांच्याजवळ गेली. वडील सांगायचे, तिने समजावलं नाही की रडली नाही. त्यांच्या डोक्यावर एक टपली मारली आणि म्हणाली, "ठाऊक होतं मला. तुला लहानपणी शेंबडाचीसुद्धा किळस यायची. ऊठ."

त्या वर्षी तिला बाप्तिस्मा मिळाला नाही. दरवर्षी तोच प्रश्न विचारला गेला आणि दरवर्षी तेच उत्तर मिळालं. सात वर्षांनी नवे पाद्री आले, त्यांनी तो प्रश्न विचारलाच नाही.

बऱ्याच वर्षांनी आलेलं तिचं शेवटचं आजारपण थोडक्यातलं होतं. लाहोमी आजोबांच्या नातवाने येऊन पाहिलं, इतरही त्या श्वासाच्या आशेने घुटमळले. वडील उशाशी होते, मी दारात. वडील हळूच म्हणाले, "ताई, या वेळी मी मागे हटणार नाही. तू म्हणशील तर..."

"नको," ती म्हणाली. "प्रमुखाला बिल्ला आहे, लोकांना चर्च आहे. या श्वासाला आता कुठे ठेवणार? खिडकी उघड, एवढंच कर."

वडिलांनी छपरातल्या खिडकीची झडप काठीने उचलून धरली. मी दारातून आत येऊन तिचा हात धरला. दुपार कलली तसा तो गार झाला, आणि वडील बराच वेळ ती काठी धरून उभेच राहिले.

तिला चर्चच्या मागे पुरलं. वडिलांनी आमच्या भाषेत स्वतः उतरवलेलं भजन सुरू केलं, पण दुसऱ्या कडव्यावर त्यांचा आवाज बसला. मग तिच्या सासरच्या बायकांनी ते पूर्ण केलं, जरा चुकीच्या चालीत.