जांबाच्या झाडावरचा घोयरा

घोयरा म्हणजे रंग बदलणारा सरडा. कुंपणावर मान हलवत बसतो तो वेगळा. घोयऱ्याचे दोन डोळे दोन दिशांना फिरतात, शेपटीचं वेटोळं होतं, आणि तो एक पाय उचलला की बराच वेळ विचार करूनच पुढे ठेवतो. आमच्या केशोरी गावाकडे तो तेव्हाही क्वचितच दिसायचा. दिसला की लोक काठी शोधायचे. त्याने फुंकर मारली की माणसाचं अंग सुजतं, अशी समजूत होती.

मला तो निंदणाच्या दिवसांत धानाच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, सापडला. मी दहा-अकरा वर्षांची असेन. आपला जिल्हा आता मुंबई राज्यात जाणार, असं मोठी माणसं बोलत होती, ते छप्पन साल. मी त्याला काठीवर चढू दिलं आणि काठी अंगापासून लांब धरून घरी आणली. माझं अंग सुजलं नाही.

मायने एकच अट घातली. "झाडावर राहीन तं राहू दे. पण अंगणात उतरला, तं त्याच दिवशी रानात."

अंगणातल्या जांबावर, म्हणजे पेरूच्या झाडावर, तो राहिला. मी रोज धुऱ्यावरून नाकतोडे धरून आणायची. काडीच्या टोकावर नाकतोडा धरला की त्याची जीभ वीतभर लांबून परत जायची, आणि काडी रिकामी. वाटीतल्या पाण्याला मात्र त्याने दोन दिवस तोंड लावलं नाही. मग मी पानांवर पाणी शिंपडलं, तेव्हा थेंब चाटू लागला. असं एकेक कळत गेलं. सांगणारं कोणी नव्हतं.

डोक्यावर त्याला उंच टोप होता. तुरा मोठा तो कोंबडा, हे कोंबड्या पाळणाऱ्या घरात शेंबड्या पोरालाही कळतं. म्हणून हा नर, असं मी ठरवलं आणि पुन्हा तो विचार केला नाही.

दिवाळी जवळ आली तसं त्याचं पोट दोन्ही बाजूंनी फुगलं. खाणं जास्त झालं, असं समजून मी नाकतोडे दहावरून चारावर आणले, मग दोनावर. पुढे तो दोनही खाईना. रंगही काळपट पडला. मला वाटलं, उपास लागू पडतोय.

त्याच आठवड्यात मायने अंगण चोपून घट्ट केलं आणि शेणाने सारवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जांबाखाली एक उथळ खड्डा, आणि खड्ड्यात नाकाला माती लागलेला घोयरा. मायची अट मला पाठ होती. मी त्याला झाडावर ठेवलं, खड्डा बुजवला, वरून शेणाचा हात फिरवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, जागा दुसरी. तिसऱ्या दिवशी दोन खड्डे, पण बोटभरसुद्धा खोल नाहीत. त्याच्यात जोर उरला नव्हता.

दुसरा खड्डा बुजवत असताना मागून मायचा आवाज आला.

"हे काय करून राहिली वं?"

कुंपणापलीकडून शेजारची काकी म्हणाली, "तुमचा सरडा विहीर खोदून राहिला वाटते, बाई. पाणी लागलं तं आमालेबी सांगजो."

माय हसली नाही. वाकून त्याचं पोट बघत राहिली. कातडीखाली गोल गोल उंचवटे दिसत होते.

"खाते का?"

"मीच कमी केलं. पोट वाढलं होतं ना."

"पोट वाढलं म्हणून उपास? माह्या येळी असं कोणी केलं असतं, तं तू नसती."

"पण तो नर आहे. तुरा आहे त्याला."

"तुरा पाहून राहिली, पोट नाही पाहिलं. आंडी आहेत तिच्या पोटात. जागा भेटली नाही तं मरते आता."

मायने घरातून सब्बल आणली आणि तीन दिवसांपूर्वी स्वतः सारवलेलं अंगण फोडलं. हातभर जागा खोल खणली, ढेकळं चुरली, थोडं पाणी शिंपडलं. "कोंबड्या कोंड. आणि हात लावू नको."

मी लांब बसून राहिले. घोयरा आता माझ्यासाठी 'ती' झाला होता. दुपारभर ती त्या मऊ मातीत डोकं खाली घालून खणत होती. मधूनमधून इतका वेळ थांबायची, की मला वाटायचं, संपली. दिवस कलताना ती बाहेर आली, अंगाची कातडी लोंबत होती. मागच्या पायांनी तिने माती ओढली, दाबली. माझ्यापेक्षा नीट बुजवलं.

पानांवर पाणी शिंपडलं ते ती चाटत राहिली. नाकतोडा मात्र तिसऱ्या दिवशी घेतला. पाचव्या दिवशी, रंग पुन्हा हिरवा झाल्यावर, माय म्हणाली, "ठरलं होतं ना?" मी तिला काठीवर घेऊन धुऱ्यावर सोडून आले.

त्या दिवाळीला आमच्या अंगणात तेवढा तुकडा बिनसारवलेला राहिला. काकीने विचारलंच, "एवढंच काऊन सोडलं?"

"बाळंतिणीची जागा आहे थे," माय म्हणाली.

आता माझ्या दारात फरशी आहे. झाडलोटीला सोपी पडते, तक्रार नाही. पण तिच्यावर काही उतरत नाही.

त्या दिवाळीनंतरच्या पावसाळ्याच्या तोंडावर मायने वाल लावायला ती जागा उकरली. आतून पांढरी, चामड्यासारखी मऊ टरफलं निघाली. सगळी फाटलेली, रिकामी. मी दोन दिवस जांबाच्या फांद्या धुंडाळल्या, पिल्लू एकही दिसलं नाही. मायने टरफलं मातीतच राहू दिली, वालाचे दाणे टोचले आणि मला पाणी आणायला पाठवलं.