उदबत्तीचा धूर

आमच्या गल्लीत दर थंडीत एक सुतार दारं-खिडक्यांच्या फटी बुजवायला पोखर्णीहून सायकलवर येतो. फट बुजवण्याआधी तो उदबत्ती पेटवून दाराच्या कडेकडेनं फिरवतो आणि धूर जिथं वाकेल तिथं पेन्सिलीची रेघ मारतो. बोलणं कमीच. काही विचारलं तर म्हणतो, "धूर सांगायलाय की, सर."

यंदा मी त्याला माझ्या आणि बायकोच्या खोलीसाठी बोलावलं. दार-खिडकीला रबरी पट्टी लावून त्यानं उदबत्ती धरली. धूर सरळ वर गेला. मग न सांगताच तो बाहेरच्या खोलीत, वडिलांच्या खाटेपाशी जाऊन उभा राहिला. तिथं खिडकीतल्या वाऱ्यानं धूर आडवा झाला, थेट वडिलांच्या तोंडावर.

"हितं लावायची न्हाई का?"

"उरली तर लावा," मी म्हणालो.

पट्टी उरली नव्हती. त्यानं माझ्याकडं पाहिलंही नाही. कानाला गुंडाळलेला स्वतःचा मफलर सोडला, पटाशीच्या टोकानं त्या फटीत ठासला आणि उघड्या कानांनी सायकलवर बसून गेला.

मफलर मागायला तो परत आलेला नाही. मीही पट्टी आणलेली नाही. मफलरनं भागतंय.